गाडी येण्याआधीचं काम

काका, नमस्कार. मी कराडला राहतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून एसटीचे फोटो काढतो. आधी मोबाइलवर काढायचो, आता जुना कॅमेरा आणि ५५-२५० मिमीची लेन्स घेतली आहे. पण हल्ली फोटो काढण्यापेक्षा ते पुसण्यातच जास्त वेळ जातो. कुठे खांब येतो, कुठे दुचाकी आडवी, कुठे पाटीच वाचता येत नाही. आमच्यातल्या काही बसप्रेमींचे फोटो इतके सुंदर असतात की माझे दाखवायला संकोच वाटतो. जागा कुठली म्हणून विचारलं तर ते सांगत नाहीत. माझ्या कसोट्या फार कडक आहेत का? की माझ्या जागा चुकतात? चांगली जागा शोधायची कशी? आणि जुने फोटो पुसून टाकू का?
– एसटीवेडा, कराड

प्रिय एसटीवेड्या,

तुझ्या कसोट्या कडक नाहीत. तू त्या लावतोस मात्र उशिरा. तुझ्या तक्रारी पुन्हा वाचून बघ. खांब तू पोचायच्या आधीपासून तिथे होता. पाटी वाचता येणार की नाही, हे तू उभा राहिलास तिथेच ठरलं होतं. दुचाकी तेवढी नशिबाची गोष्ट. घरी येऊन संगणकासमोर बसल्यावर जी कसोटी आठवते, ती रस्त्याच्या कडेला, गाडी यायच्या दहा मिनिटं आधी आठवायला हवी. म्हणून कसोटी आणि जागा हे मला दोन वेगळे प्रश्न वाटतच नाहीत. आपल्याला काय हवं हे पक्कं असलं की नजर आपोआप जागा शोधायला लागते.

मला काय हवं असतं ते सांगतो. तुझं वेगळं असू शकेल, पण असायला हवं एवढं नक्की.

सगळ्यात आधी पाटी. गाडी कितीही देखणी आली आणि ती कुठून कुठे चालली आहे हे कळलं नाही, तर माझ्या लेखी तो फोटो अर्धाच. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावं २०२३ साली बदलली, अहमदनगरचं नाव २०२४ साली. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशा नव्या पाट्या आल्या. त्याआधी कुणीतरी सहज काढलेला ‘पुणे–अहमदनगर’ पाटीच्या साध्या गाडीचा फोटो आज नोंद होऊन बसला आहे. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी याच मार्गावर धावली आणि विजेवर चालणारी पहिली शिवाईसुद्धा १ जून २०२२ रोजी याच मार्गावर सोडली, हे लक्षात घेतलंस तर त्या पाटीचं मोल आणखी कळेल. फोटो काढणाऱ्याच्या मनात तेव्हा यातलं काही नसेलही. त्याने पाटी वाचता येईल असा फोटो काढला, एवढं पुरलं.

पाटीनंतर गाडीचा नंबर आणि आगाराचं नाव. तुला माहीत असेलच, पण इतर वाचकांसाठी सांगतो: एसटीची बॉडी बांधणाऱ्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन. पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. म्हणून एमएच १४, एमएच २० आणि एमएच ४० हे आकडे आपल्या लोकांच्या तोंडी असतात. नंबर दिसला की जाणकार माणूस गाडी कुठे बांधली ते ओळखतो आणि मग बॉडीतले बारकावे बघत बसतो. हा आनंद फोटो बघणाऱ्यापर्यंत पोचायला हवा असेल तर नंबर स्वच्छ हवा.

मग गाडीचा आकार. पुढा आणि एक बाजू दोन्ही दिसतील असं थोडं तिरकं उभं राहावं. पुढचं-मागचं चाक पूर्ण दिसावं, टप कापला जाऊ नये. त्यासाठी मागे सरकून उभा राहा आणि लेन्स ८०-१०० च्या आसपास ठेव. जवळ जाऊन १८ मिमीच्या लेन्सने काढलेली गाडी नाकाडी दिसते, मागचा भाग पार आक्रसतो. मोबाइल असेल तर दोनपट झूम लाव आणि दहा पावलं मागे हो. एसटीचा लाल रंग कॅमेऱ्याला जड जातो. भर उन्हात तो भडकून सपाट होतो आणि पत्र्यावरच्या रेघा, रिबिटं सगळी त्यात बुडून जातात. एक्स्पोजर थोडं उतरवून ठेव, सावली नंतर उजळता येते.

एका बाबतीत माझं आपल्या बऱ्याच मित्रांशी जमत नाही. गाडीच्या आसपास माणूस आला की ते फोटो बाद करतात. मी करत नाही. दारात उभा कंडक्टर, खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारा प्रवासी, पिशवी सावरत धावणारी मावशी यांच्यामुळे गाडी गाडी वाटते. लोकांसाठी चालणारी वस्तू आपण लोक वगळून का दाखवायची? पुढा आणि पाटी झाकली जाऊ नये, आणि कुणाचा चेहरा जवळून, त्याच्या नकळत टिपू नये, एवढंच मी पाळतो.

खांब मात्र चालत नाही. गाडीच्या पुढ्यातून उभा गेलेला खांब मी कधीही स्वीकारत नाही. मागच्या बाजूला, टपाच्या वर उगवलेला खांबही टाळता येतो. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकायचं असतं, फक्त ते आधी.

या झाल्या रोजच्या गाड्यांच्या कसोट्या. रोज त्याच वेळेला येणाऱ्या गाडीसाठी कडक राहा, कारण ती उद्याही येणार आहे. जी गाडी उद्या येणार नाही, तिच्यासाठी यातलं काहीही लावू नकोस. भंगारात निघालेली, दुसऱ्या विभागातून चुकून आलेली, जुन्या रंगात उरलेली एकुलती एक गाडी समोर आली तर खांबासकट, उन्हाविरुद्ध, कशीही टिप. मुंबईत बेस्टची साधी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत शेवटची धावली. १९३७ सालापासून मुंबईच्या रस्त्यावर असलेला प्रकार त्या दिवशी संपला. त्या दिवसाचे हारतुऱ्यांतले, गर्दीतले फोटो भरपूर आहेत. मला ओढ आहे ती त्याआधीच्या एखाद्या साध्या दिवसाच्या फोटोची: वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत शाळेची पोरं, पुढ्यावर मराठी आकड्यांत मार्गक्रमांक, खाली चाकरमान्यांची रांग. असे फोटो तेव्हाच निघतात, जेव्हा गाडी जाणार आहे असं कुणाच्या डोक्यातही नसतं. म्हणून कराड आगारातल्या साध्या गाड्या आत्ताच नीट टिपून ठेव. टपावर जायची शिडी असलेली जुनी गाडी कुठे दिसली तर तिचा मागून फोटो आधी काढ. मागच्या बाजूकडे कुणी बघतच नाही.

आता जागा.

जागा शोधायची म्हणजे रस्त्याची दिशा आणि सूर्याची दिशा जुळवायची. मित्रांनी लपवून ठेवलेली जागा बहुतेक एवढीच असते, आणि ती त्यांनी सांगितली तरी तू चुकीच्या वेळी गेलास तर हाती काही लागणार नाही. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने चालते आणि दारही डावीकडे. म्हणजे डाव्या कडेला उभा राहिलास तर दाराची बाजू मिळते. गाडी दक्षिणेकडे निघाली असेल तर तिची डावी बाजू पूर्वेला असते, म्हणून ती सकाळी उजळते. उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीची डावी बाजू पश्चिमेला, ती दुपारनंतर. पण पुढ्याचं काय? हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या गाडीच्या पुढ्यावर डिसेंबरात ऊन पडतच नाही. पाटी काळवंडलेली येते ती यामुळे. महामार्गावर कराडहून साताऱ्याकडे निघालेल्या गाडीमागे तू थंडीत कितीही धावलास तरी ती साधणार नाही. त्याच दिवशी सकाळी साताऱ्याहून कोल्हापूरकडे उतरणारी गाडी मात्र पुढ्यासकट झळझळीत मिळेल. उत्तरेकडच्या गाड्या मे ते जुलैसाठी राखून ठेव. तेव्हा आपल्या अक्षांशावर सूर्य माथ्याच्याही थोडा उत्तरेला जातो, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी त्या पुढ्यांना ऊन मिळतं. पावसाचे ढग आडवे आले नाहीत तर.

तुझ्यासाठी याहून सोपा रस्ता म्हणजे विट्याचा. विट्याहून कडेगावमार्गे कराडला येणारी गाडी साधारण पश्चिमेकडे तोंड करून येते. हिवाळ्यात दुपारी तीननंतर तिचा पुढा आणि डावी बाजू दोन्ही उजेडात असतात, आणि डावी बाजू म्हणजे दाराची. यापेक्षा चांगला प्रकाश मागितला तरी मिळणार नाही. ओगलेवाडीच्या आसपास चालत फिर आणि सदाशिवगड चौकटीत कुठून बसतो ते शोध. मात्र उसाकडे लक्ष असू दे. ऊस उभा असतो तेव्हा रस्त्याच्या कडेला हिरवी भिंत असते आणि डोंगर दिसत नाही. तोड झाली की तीच जागा मोकळी होते. म्हणजे नोव्हेंबरात बाद केलेली जागा फेब्रुवारीत पुन्हा बघायची. त्याच दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्याही रस्ताभर असतात. एखादी ट्रॉली गाडीच्या मागे आली तर मी ती राहू देईन, कारण ती तुमच्या भागाचीच खूण आहे.

घाटांचं गणित आणखी वेगळं. कराडहून चिपळूणला जाताना लागणारा कुंभार्ली, महाबळेश्वर–पोलादपूरचा आंबेनळी, भोर–महाडचा वरंधा, रत्नागिरीच्या वाटेवरचा आंबा हे सगळे कोकणात उतरणारे घाट. सह्याद्रीची ही अंगं पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी तिथे डोंगराची स्वतःचीच सावली पडलेली असते. ‘घाटात पहाटे जा, उजेड छान असतो’ असं सांगणारे भेटतात. कोकणच्या घाटांना ते लागू नाही. तिथे दुपारनंतर जा आणि खाली उतरणाऱ्या गाड्या धर, त्यांचं तोंड उन्हाकडे असतं. खंबाटकी घाटाची गोष्ट निराळी. जुन्या घाटातून फक्त साताऱ्याकडे येणारी वाहतूक चढते आणि पुण्याकडे जाणारी बोगद्यातून निघून जाते. तिथे समोरून येणाऱ्या वाहनाच्या आड गाडी लपत नाही आणि चढावर ती रेंगाळते. पण तिथे थांबायला सुरक्षित जागा मोजक्याच, त्या आधी गाडीतून जाताना बघून ठेव.

रेंगाळण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शिवाई, ई-शिवनेरी आणि इतर नव्या गाड्यांना विजेवर उजळणाऱ्या अक्षरांच्या पाट्या असतात. त्या सतत लुकलुकतात, फक्त डोळ्यांना कळत नाही. शटर १/५०० सेकंदावर ठेवलंस तर पाटीवर अर्धीच अक्षरं येतात. अक्षरं पूर्ण यायला शटर १/१०० च्या आसपास आणावं लागतं. पण ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात साधारण १७ सेंटीमीटर पुढे सरकते आणि नंबर पुसट होतो. ताशी १५ ने आली तर जेमतेम ४ सेंटीमीटर. तेव्हा या गाड्यांसाठी सरळ मोकळा रस्ता नकोच. स्थानकातून बाहेर पडायचं वळण, गतिरोधक, टोलनाका सोडल्यावरचा पहिला पट्टा, घाटातलं तीव्र वळण अशा जागा बघ, जिथे गाडीला हळू व्हावंच लागतं. रंगवलेल्या पत्र्याच्या पाटीची साधी गाडी कुठेही, कितीही शटरवर काढ. पाटी वाचता येत नाही असं तू लिहितोस, त्यातले निम्मे फोटो या कारणाने गेले असतील असा माझा अंदाज आहे.

पावसाळ्यात दिशेची ही सगळी गणितं गळून पडतात. ढगांखाली प्रकाश चारी बाजूंनी सारखा असतो, त्यामुळे ज्या जागा एरवी सावलीमुळे सोडून दिल्या त्या जून ते सप्टेंबरात मोकळ्या होतात. ओला लाल रंग तर मला कोरड्यापेक्षा कितीतरी आवडतो. काचेवर आभाळ चमकत असेल तर पोलरायझर (चमक घालवणारा फिल्टर) लाव, मात्र त्याने उजेड कमी होतो आणि बाजूच्या काचांवर कधीकधी ठिपके उमटतात, ते बघून घे.

दूर जाण्याची घाई करू नकोस. उलट दूरच्या गाड्या आपल्याकडे येतात ते दिवस लक्षात ठेव. आषाढीला पंढरपूरसाठी राज्यभरातून हजारो जादा गाड्या सुटतात. तिथल्या यात्रा बसस्थानकांवर विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा आगारांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या दिसतात, ज्या एरवी एकमेकींना कधी भेटणार नाहीत. गणपतीत मुंबईहून कोकणात सुटणाऱ्या जादा गाड्यांचं तसंच. आणि कोल्हापूरचं मध्यवर्ती स्थानक तर तुला वर्षभर हाताशी आहे. कर्नाटकच्या गाड्या तिथे रोजच्याच.

तुझ्या घराजवळच्या एखाद्या गावची मुक्कामी गाडी मात्र तुझ्याशिवाय कुणी टिपणार नाही. रात्री पारापाशी उभी राहते आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुलं, दूधवाले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन निघते ती गाडी. सूर्य उगवायच्या आधी, आभाळ निळं असताना आणि गाडीतले दिवे लागलेले असताना ती काढायची. तिपाई लागेल. ड्रायव्हर-कंडक्टरला आदल्या संध्याकाळी भेट, सांगून ठेव. बहुतेक जण आनंदाने दोन मिनिटं आधी दिवे लावतात. फ्लॅश मात्र कधीही, कुठेही वापरायचा नाही. चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर तो मारणं हा गुन्ह्यासारखाच प्रकार मी मानतो.

रस्त्यावर उभा असताना आणखी एक सांभाळ. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ हे आपल्या ड्रायव्हरांच्या अंगात भिनलेलं आहे. तू कडेला उभा राहून कॅमेऱ्यासाठी हात वर केलास की त्याला तू प्रवासी वाटतोस. तो ब्रेक लावतो, मागच्या वाहनाचीही तारांबळ उडते. रस्त्यापासून बाजूला, शक्य तर थोड्या उंचवट्यावर उभा राहा आणि कॅमेरा आधीच डोळ्याला लावून ठेव. उंचवट्याने गाडीचा आकारही चांगला बसतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, कठड्याच्या पलीकडे कधीच उभं राहायचं नाही, मग चौकट कितीही सुंदर असो. स्थानकात प्रवाशांच्या भागात काढायचं असेल तरी वाहतूक नियंत्रकांना आधी सांग. आगाराच्या आत, कार्यशाळेत जायचं असेल तर आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज लिही, ओळखपत्र जोड, आणि नाही म्हणाले तर परत ये. तुझ्यामागून येणाऱ्या पोरांची वाट तुझ्या वागण्यावर अवलंबून आहे.

मित्र जागा सांगत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू स्वतः सांगत जा. सातारा–कागल महामार्ग सहापदरी होताना कडेची झाडं, जुने थांबे, ओळखीची वळणं कशी बदलली ते तू रोज बघतोस. लपवून ठेवलेली जागाही जाते. त्यापेक्षा चार जणांनी चार वेळेला तिथले फोटो काढले तर निदान तेवढे राहतील. कुठे धोका आहे हेही त्याच वेळी सांगता येतं.

आणि जुने फोटो? एकही पुसू नकोस. दाखवायचे वेगळे ठेव, ठेवायचे वेगळे. दाखवायच्यांत तुझ्या सगळ्या कसोट्या लाव, महिन्याला पाचच निघाले तरी चालतील. उरलेल्यांना तारीख, ठिकाण, मार्ग, आगार आणि गाडीचा नंबर एवढं लिहून एका वेगळ्या डिस्कवर टाक, आणि त्या डिस्कची आणखी एक प्रत दुसऱ्या घरात ठेव. शाळेत असताना मोबाइलवर काढलेल्यांपासूनच सुरुवात कर. ते कुठल्या दिवशीचे, कुठल्या फेरीचे, हे तुला अजून आठवतंय तोवर लिहून काढ.